गाडी लागणाऱ्या मुलीला आणि पळणाऱ्या मुलाला घेऊन : राजेंद्र नगर ते कालाकुंड

आमच्या रेवाला गाडी लागते. कार असो की बस, रस्ता जरा वळायला लागला की ती आधी गप्प होते, मग पांढरी पडते आणि मग व्हायचं ते होतं. खंडवा रोडवरचा सिमरोलचा घाट तर आम्ही सोडूनच दिला होता. ती आता आठ वर्षांची आहे. धाकटा ओजस चारचा, त्याला काहीही लागत नाही, पण हात सुटला की तो पळतो, कुठे ते त्यालाही माहीत नसतं. यांची नोकरी पीथमपूरला, शिफ्टची, शनिवार-रविवार बहुतेक वेळा कामावरच. त्यामुळे दोन पावसाळे आमचं बाहेर जाणं म्हणजे इथे इंदूरमध्येच राजवाडा नाहीतर छप्पनची खाऊची दुकानं, बाकी काही नाही.

पण पुण्याला लग्नाला गेलो तेव्हा रात्रभर ट्रेनमध्ये रेवा अगदी मजेत होती, खिडकीला नाक लावून बसली होती, आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की हिला घेऊन फिरायचं तर रुळांवरूनच. प्रश्न एवढाच की एकटीने दोन मुलं, सोबत आई (म्हणजे सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात), आणि रेल्वेचं तिकीट-आरक्षण हे खातं आजवर यांच्याकडेच. मला खरंच भीती वाटत होती. आता पाताळपाणी-कालाकुंड या घाटातल्या हेरिटेज ट्रेनची ट्रिप नीट पार पडली, कॉलनीतल्या चार-पाच जणी रोज विचारतात कसं केलं, काय लागलं, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकते.

एकदम मोठ्या गाडीला हात घातला नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी फक्त राजेंद्र नगर ते महू, एवढंच केलं. आमच्या घरापासून राजेंद्र नगर स्टेशन चालत जाण्यासारखं आहे, लोकमान्य नगरवाल्यांना त्यांचं स्वतःचं स्टेशन आहे, आणि या लाइनवर डेमू-पॅसेंजर थांबतात. मोठ्या माणसाचं तिकीट दहा रुपये. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारामधल्याला अनारक्षित डब्यात अर्धं तिकीट लागतं. मोबाइलवर रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवरून काढता येतं, पण एक लक्षात ठेवा, स्टेशनच्या आत शिरल्यावर ते तसं निघत नाही, घरून किंवा थोडं लांबून काढावं लागतं, नाहीतर स्टेशनवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून. आणि पेपरलेस तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणजे फोनची बॅटरी संपली तर पंचाईत. मी लहान मुलं बरोबर असताना खिडकीवरून कागदाचं तिकीटच घेते, खिडकीला गर्दी नसेल तर दोन मिनिटांचं काम आहे आणि रेवाला ते तिकीट सांभाळायला देता येतं, त्यात तिला फार मोठं काम मिळाल्यासारखं वाटतं.

त्या महूच्या फेरीचा उद्देश महू नव्हताच, डब्यात चढायचं-उतरायचं कसं ते ठरवणं हा होता. पॅसेंजर छोट्या स्टेशनावर जेमतेम मिनिटभर थांबते आणि तेवढ्यात आईंचे गुडघे, ओजसचे पाय आणि माझी पिशवी सगळं आत जायला हवं. शेवटी असा क्रम बसला: सगळ्यात आधी आई, त्यांच्या मागे रेवा (तिने आत जाऊन जागा धरायची नाही, आजीचा हात धरायचा), मग मी ओजसला उचलून. उतरताना उलटं, मी ओजसला घेऊन पहिली, मग रेवा, मग आईंना हात. पिशवी पाठीवरच, हातात काही नको. हे आम्ही घरी सोफ्यावर चढून-उतरून पण करून पाहिलं होतं, मुलांना तो खेळच वाटला. आणि प्लॅटफॉर्मवर नियम एकच, ओजसचा हात माझ्या सॅकच्या पट्ट्यावर, पट्टा सुटला की आपण घरी. हा नियम महूला एकदा खरोखर अमलात आणावा लागला, रडारड झाली, पण पुढच्या वेळेपासून पट्टा सुटला नाही.

जुलैमध्ये देवासला मावशीकडे गेलो, तेही ट्रेननेच. ही जरा लांबची, चाळीसेक किलोमीटर, आणि इंदूरच्या मोठ्या स्टेशनवरून. इथे एक सांगते, इंदूर स्टेशनवर काम चाललंय आणि काही गाड्या लक्ष्मीबाई नगरहून सुटतात, म्हणून निघायच्या आधी रेल्वेच्या १३९ ला फोन करून किंवा अ‍ॅपमध्ये बघून गाडी नक्की कुठून सुटते ते विचारून घ्या, मुलांना घेऊन एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर पळणं फार त्रासाचं आहे. देवासच्या वेळी जनरल डब्यात गर्दी होती, पण एका आजोबांनी रेवाला खिडकी दिली आणि लांबून देवासची टेकडी दिसेपर्यंत ती एकदाही पांढरी पडली नाही. माझा निम्मा धीर तिथे आला.

मग कालाकुंड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाताळपाणी ते कालाकुंड हा जुन्या मीटरगेज (अरुंद रुळांच्या) लाइनचा घाटातला तुकडा आहे, जेमतेम दहा किलोमीटरचा. २०१८ च्या डिसेंबरपासून पश्चिम रेल्वे त्यावर हेरिटेज ट्रेन चालवते. बाकी लाइन ब्रॉडगेज (नेहमीच्या रुंद रुळांची) व्हायची म्हणून २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली, नवीन लाइन घाट टाळून दुसरीकडून नेताहेत, म्हणून हा तुकडा राहिला. ट्रेन वर्षभर नसते, पावसाळ्यात सुरू होते, रेल्वे दर वर्षी तारीख जाहीर करते आणि मग शनिवार-रविवार चालते.

आईंना हे सांगितलं तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "अगं, मी लग्न होऊन त्याच गाडीने आले." त्यांचं माहेर अकोला. तेव्हा अकोल्याहून खंडवा, खंडव्याहून घाट चढून महू आणि इंदूर, सगळी मीटरगेजच होती, विदर्भातून इंदूरला येणारी कितीतरी मराठी घरं याच लाइनने आली. मला हे माहीतच नव्हतं, इतक्या वर्षांत विषयच निघाला नव्हता. त्यानंतर मागे हटण्याचा प्रश्न नव्हता.

आरक्षणाचं म्हणाल तर, आयआरसीटीसीवर बघितलं तर पुढचे दोन शनिवार जायचं एसी वेटिंगमध्ये. यात दोन प्रकारचे डबे असतात, एक एसी, मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम, एका बाजूचे माणशी २६५ च्या आसपास, आणि एक बिनएसी खुर्च्यांचा, एका बाजूचे फक्त २० रुपये. जायचं आणि यायचं ही दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळे गाडी नंबर. पुष्कळ लोक जायचं काढतात आणि यायचं विसरतात किंवा यायचं वेटिंगला राहतं आणि मग कालाकुंडहून परत यायला धड दुसरी सोय नाही, जंगलातलं गाव आहे ते. म्हणून दोन्ही बाजू कन्फर्म दिसल्याशिवाय मुलांना तारीख सांगूसुद्धा नका.

मी ऑनलाइन न काढता इंदूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर गेले. एक तर २० रुपयांच्या तिकिटावर ऑनलाइनचा वरचा चार्ज जिवावर येतो (तो माणशी नाही, तिकिटामागे असतो, म्हणून ऑनलाइन काढलंच तर सगळ्यांचं एकाच तिकिटात काढा), आणि दुसरं म्हणजे मला समोरच्या माणसाला विचारायचं होतं. फॉर्म घेतला, गाडी नंबर, तारीख, कुठून कुठे, नावं, वय, स्त्री-पुरुष, एका फॉर्मवर सहा जणांपर्यंत. खाली परतीच्या प्रवासाचीही जागा असते, तीही भरली. पाच वर्षांखालच्या मुलाचं नाव वेगळ्या रकान्यात, त्याचे पैसे नाहीत पण त्याला खुर्चीही नाही. रेवासाठी मात्र पूर्ण भाडं, कारण २०१६ पासून नियम असा आहे की पाच ते बारामधल्या मुलाला स्वतःची सीट हवी तर पूर्ण पैसे, आणि चेअर कारमध्ये सीट न घेता अर्ध्या तिकिटाची सोयच नाही. रांगेत साधारण पाऊण तास गेला. पुढे उभा असलेला मुलगा म्हणाला, "आंटी, जाते टाइम नॉन-एसी लो, खिड़की खुलती है," आणि तेच मी केलं. जाताना बिनएसी, येताना एसी, कारण येताना मुलं थकलेली असणार. २३ ऑगस्टचा शनिवार मिळाला, पोळा आदल्याच दिवशी आणि गणपती बुधवारी, म्हणजे घरात आधीच धावपळ, पण दुसरी तारीख नव्हती. परतीचं एसी वेटिंग होतं. रोज बघत होते. निघायच्या दोन दिवस आधी कन्फर्म झालं तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

आता पिशवीत काय होतं ते सांगते, कारण यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. रेवासाठी दुधाचं काहीच नाही. सकाळी निघताना फक्त अर्धी पोळी गुळाबरोबर, उपाशीपोटीही मळमळतं आणि भरल्यापोटीही. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा, आलेपाकाच्या वड्या, मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी एका डबीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुने पेपर, दोघांचे एक-एक जादा कपडे, एक टॉवेल, आईंची गोळी, रेनकोट (छत्री नको, चढताना हात अडकतो). मुलांच्या खिशात एक-एक चिठ्ठी, त्यावर माझा आणि यांचा नंबर, आणि ओजसच्या मनगटावर पेनाने पण लिहिला. रेवाला समजावून ठेवलं होतं की चुकलीसच तर जागचं हलायचं नाही, युनिफॉर्मवाल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे आणि रेल्वेची १३९, दोन्ही तिला पाठ आहेत.

तेवीसला सकाळी राजेंद्र नगरहून महू, तेवढं तर सरावाचं होतं. महूच्या पुढे पाताळपाणीपर्यंत ट्रेन नाही, तो तुकडा बंद आहे, म्हणून स्टेशनबाहेरून ऑटो. अडीचशे सांगितले, दोनशेवर ठरलं. सहा-सात किलोमीटरच आहे, पण रेवासाठी मी तीच सहा-सात किलोमीटर धरून घाबरले होते. तिला पुढे बघायला लावलं, तोंडात आलेपाक, आणि तिला दर माइलस्टोन मोठ्याने वाचायचं काम दिलं. पोचलो नीट. परतीसाठी त्याच ऑटोवाल्याचा नंबर घेऊन पाच वाजता यायला सांगितलं. हे कराच, संध्याकाळी सगळी ट्रेन एकदम उतरते आणि ऑटो मोजकेच.

गाडी अकरा वाजून पाच मिनिटांची होती, आम्ही पावणेदहालाच तिथे. एवढा वेळ मुलांना कसा घालवायचा ही चिंता होती, पण स्टेशन छोटं, मोकळं, रूळ अगदी समोर. रेवाने रुळांमधलं अंतर पाहून विचारलं हे इतके जवळ कसे, मग सांगितलं की मीटरगेज म्हणजे बरोबर एक मीटर, आपली नेहमीची गाडी १६७६ मिलिमीटरवर चालते. आणि हेही सांगितलं की ही लाइन बांधायला आपल्या तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, १८७० च्या सुमारास इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. रेवाचा प्रश्न, "मग परत दिले का?" मी म्हटलं बाबांना विचारू. अशा प्रश्नांसाठीच मुलांना न्यावं असं मला वाटतं, शाळेतल्या धड्यात होळकर म्हणजे नुसती तारीख असते, इथे रुळांवर हात ठेवता येतो.

धबधब्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. पाताळपाणीचा धबधबा पावसाळ्यात फार सुंदर असतो आणि लोक मुलांना घेऊन वरच्या पाण्यात, दगडांवर जातात. २०११ मध्ये तिथेच वरून अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. डोंगरात लांब कुठे पाऊस झाला तर इथे ऊन असताना पाणी वाढतं. आम्ही रेलिंगच्या आतूनच बघितला, ओजस रडला तरी पुढे नेला नाही. ट्रेनमधूनही तो दिसतो, गाडी मुद्दाम थांबवतात, तेवढं पुरेसं आहे.

गाडी सुटली आणि लगेच टंट्या मामांचं देऊळ. पूर्वी घाट उतरण्याआधी इथे गाडी थांबायची, ब्रेक तपासायला असं रेल्वेवाले म्हणतात, मामांना सलाम करायला असं बाकी सगळे म्हणतात. टंट्या भिल्लांना इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं, आणि त्यांचा देह इथे रुळांजवळ आणून टाकला असं लोक सांगतात. आईंनी हात जोडले. म्हणाल्या, त्या वेळीही डब्यातल्या सगळ्यांनी असेच जोडले होते पण हात कोणाला जोडताहेत ते आईंना कळेना, नवरीला विचारायचीही चोरी. मग मामांची गोष्ट त्यांनीच मुलांना सांगितली, श्रीमंत सावकारांचं धान्य काढून गरिबांना वाटायचे ते, आणि शेजारच्या सीटवरची दोन अनोळखी मुलंही येऊन ऐकत बसली.

खिडक्या उघड्या, पाऊस भुरभुर, दरीत ढग. दहा किलोमीटरला जवळपास दोन तास लागतात कारण गाडी हळू आणि मध्ये थांबते. चार बोगदे आहेत. पहिल्या बोगद्यात अंधार झाला आणि सगळा डबा ओरडला तसा ओजस घाबरून माझ्या पोटात शिरला, दुसऱ्या बोगद्याच्या आधी मी त्याला सांगून ठेवलं आणि टॉर्च हातात दिला, तिसऱ्याची तो वाट बघत होता. लहान मूल असेल तर टॉर्च किंवा फोनचा लाइट तयार ठेवा. आणि दारात उभे राहणारे लोक खूप असतात, सेल्फीसाठी, त्यामुळे दाराजवळची सीट मिळाली तर बदलून घ्या, कोणीतरी आनंदाने देतं कारण त्यांना दारच हवं असतं. रेवाला एकदाही मळमळलं नाही. इतकी वळणं, आणि तरीही. मी दर पाच मिनिटांनी तिच्या तोंडाकडे बघत होते, शेवटी तीच म्हणाली, "आई, तू बाहेर बघ ना."

कालाकुंडला एकच्या सुमारास पोचलो आणि परतीची गाडी ३ वाजून ३४ मिनिटांची. हे अडीच तास मुलांसोबत कसे जातील हे कोणी लिहीत नाही, म्हणून सांगते. उतरल्या उतरल्या आधी टॉयलेट, कारण नंतर रांग लागते. मग कलाकंद. इथला कलाकंद पानांच्या द्रोणात मिळतो, रवाळ, कमी गोड, आणि तो ताजा असताना तिथेच खायचा, घरी नेण्याइतकाच वेगळा घ्या. रेवाला दुधाचं जपत होते, म्हणून तिला मी तो थोडाच दिला आणि तासाभराने अजून थोडा. भजी, भुट्टेही मिळतात. माकडं आहेत, पिशवी उघडी ठेवू नका, आमच्या शेजारच्यांची बिस्किटं गेली. मग सतरंजी पसरून दशम्या. आई एका बाकावर बसून रुळांकडे बघत होत्या, तिकडे खाली चोरल, बलवाडा, बडवाह अशी स्टेशनांची नावं त्यांनी एकामागून एक म्हटली, सनावद, खंडवा, थेट अकोल्यापर्यंत, आणि रेवाने ती तशीच मागून म्हटली. तेवढ्यात ओजस माझ्या मांडीवर झोपला. नदी जवळ आहे पण पावसाळ्यात मुलांना घेऊन पाण्यात अजिबात नाही.

परतीला एसी डबा. पाय पसरायला जागा, मोठ्या काचा, मुलं शांत. खरं सांगायचं तर पैसे वाचवायचे असतील तर दोन्ही बाजूंनी बिनएसी घ्या, मजा त्यातच जास्त आहे, एसी फक्त वयस्कर माणूस किंवा झोपणारं मूल असेल तर. चढ चाळीसला एक आहे, म्हणजे चाळीस मीटर गेलं की गाडी एक मीटर वर, आणि त्या काळी मागून आणखी एक इंजिन ढकलायला लावायचे हे आईंना आठवत होतं. साडेचारला पाताळपाणी. ऑटोवाले दादा वेळेवर आले होते.

खर्च असा झाला: राजेंद्र नगर-महू जाऊन-येऊन पन्नास-साठ, बिनएसीची तीन तिकिटं साठ, एसीची तीन आठशेच्या आत, ऑटो चारशे, खाणं अडीचशेच्या आसपास. सोळाशेच्या घरात गेलं. दोन्ही बाजू बिनएसी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

अजून दोन गोष्टी राहिल्या. गाडीत टीसी येतात तेव्हा तिकिटावरच्या एका मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागू शकतात, आधार पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. आणि ओजसच्या वयाचा पुरावा म्हणून मी जन्मदाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेवला होता, मागितला नाही कोणी, पण तुमचं मूल अंगाने थोराड असेल आणि पाचच्या आत असेल तर जरूर ठेवा. यांनी आता ऑक्टोबरमधला एक शनिवार सुट्टीला टाकलाय, त्या वेळी ते आणि रेवा बिनएसीत जातील, आणि मी, ओजस आणि आई महूपर्यंत त्यांना सोडायला. ज्यांना याच सीझनमध्ये जायचंय त्यांनी गणपती उठले की लगेच खिडकीवर जा, दसऱ्याच्या सुट्ट्यांचे शनिवार आधी भरतात.